दहावीला ९१ टक्के आणि पहिल्याच सत्रात केटी

भांडुपला राहणाऱ्या एका आईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत शिकला, त्याला दहावीला ९१ टक्के मिळाले, अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून झाली, आणि आता दादरजवळच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना पहिल्याच सत्रात दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले. शाळेत एकही वही अपुरी न ठेवणारा मुलगा असा कसा झाला, शाळेतले आणि विद्यापीठातले विद्यार्थिजीवन खरोखरच इतके वेगळे असते का, आणि नववीत असलेल्या धाकट्या मुलीच्या बाबतीत आतापासून काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी एम.एस्सी., बी.एड. करून नऊ वर्षे परळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, नंतर प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा उत्तीर्ण झाले आणि गेली अठरा वर्षे पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे. एकाच शहरातली आणि बहुधा सारख्याच घरांतली मुले मी दोन्हीकडे पाहिली. काही तर तीच मुले, आधी शाळेच्या बाकावर आणि पुढे प्रयोगशाळेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी बिनदिक्कत देते: होय, जीवन फार वेगळे असते, मात्र मुलांना फरक जिथे अपेक्षित असतो तिथे तो नसतो. अभ्यास अवघड होतो, असे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. पण माझ्या अनुभवात मुले अडखळतात ती निराळ्याच जागी. शाळेत मुलाची दखल आपोआप घेतली जाते, पदवीच्या वर्गात ती स्वतः जाऊन मागावी लागते, आणि हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते.

शाळेचा दिवस कसा चालतो ते आपण जाणताच. वर्गशिक्षिका हजेरी घेतात, सलग दोन दिवस बाक रिकामा दिसला की त्याच चाळीतल्या एखाद्या मुलाकडे चौकशी होते, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा आला तर दैनंदिनीत पालकांची सही पाहिली जाते. घटक चाचणीत गुण घसरले तर पालकसभेपर्यंत थांबावेही लागत नाही. भाजी घेताना भेटलेल्या बाईच सांगून टाकतात. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनासुद्धा कोणत्या मुलाचा डबा रोज उशिरा येतो ते ठाऊक होते. इतक्या डोळ्यांसमोर वाढलेल्या मुलाचा नीटनेटकेपणा खोटा नसतो, पण तो पूर्णपणे त्याचा स्वतःचाही नसतो. त्यातला बराचसा वाटा त्या डोळ्यांचा असतो, आणि ते बाजूला झाल्यावर मुलाचा स्वतःचा किती उरला हे पदवीच्या पहिल्या सहा महिन्यांत दिसते.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात माझ्यासमोर १२० मुले बसतात आणि आठवड्यातून तीन-चार तासच आमची गाठ पडते. हजेरी घेतली जाते, ७५ टक्क्यांचा नियमही आहे, आणि सत्र संपत आले की ज्यांची हजेरी कमी भरली त्यांची डिफॉल्टर यादी सूचनाफलकावर लागते. पण ही दखल सत्राच्या शेवटी घेतली जाते. ऑगस्टमध्ये ज्याची जागा रिकामी होती त्याला ते ऑक्टोबरमध्ये कळते, आणि तोवर चार प्रकरणे शिकवून झालेली असतात. प्रॅक्टिकलची बॅच मात्र वीस-पंचवीस मुलांची असते. तिथे मला नावे माहीत असतात, कोणाचे जर्नल रखडले आहे हेही माहीत असते. सावरणारी मुले आपला पहिला प्रश्न बहुधा तिथेच, हातात ब्युरेट असताना विचारतात. १२० जणांसमोर हात वर करणे अनेकांना तिसऱ्या वर्षापर्यंत जमत नाही, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देत नाही.

मुंबईत विद्यापीठ हा शब्दही थोडा फसवा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणवणाऱ्या बहुतेकांचा फोर्टच्या राजाबाई टॉवरशी किंवा कालिन्याच्या संकुलाशी रोजचा काही संबंध नसतो. शिकवणे संलग्न महाविद्यालयात चालते आणि पदवी विद्यापीठाची मिळते. तीही मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतल्या मुलांना. शाळेत कोणत्याही अडचणीचे उत्तर शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिळते. इथे एक प्रश्न विभागात, दुसरा कार्यालयाच्या खिडकीवर, तिसरा परीक्षा कक्षात आणि चौथा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सुटतो, आणि कोणता कोठे न्यायचा हे शिकण्यातच पहिले सत्र निघून जाते.

त्यातून आपल्याकडची मधली दोन वर्षे गोंधळ वाढवतात. अकरावी-बारावीचे वर्ग बहुतेक ठिकाणी पदवी महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात, कॅन्टीन तेच असते, गणवेश सहसा नसतो, म्हणून मुलगा आणि घरचे दोघेही समजतात की कॉलेज सुरू झाले. प्रत्यक्षात बारावीची परीक्षा राज्य मंडळाची असते, पाठ्यपुस्तके ठरलेली असतात, आणि कोणत्या प्रकरणाला किती गुण हेही आधीच जाहीर असते. विज्ञान शाखेतली पुष्कळ मुले तर ही दोन वर्षे मुख्यतः खासगी क्लासमध्येच काढतात. तिथली देखरेख शाळेहून कडक असते: रविवारी चाचणी आणि त्याच रात्री घरच्यांच्या मोबाइलवर गुण. मग एमएचटी-सीईटी ही व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा होते, क्लास संपतो, आणि त्या दिवसापासून विचारणारे कोणी उरत नाही. दहावीनंतर जो दोर हळूहळू सैल व्हायला हवा होता तो दोन वर्षे अधिकच आवळला गेला आणि मग एका दिवसात सोडून दिला गेला. आपल्या मुलाचे नेमके हेच झाले असे मी दुरून म्हणणार नाही. पण केटी लागलेल्या हुशार मुलांपैकी फार मोठा भाग मला याच वाटेने आलेला दिसतो.

वेळेचा हिशेब मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मांडते, तो इथेही मांडते, कारण पालकांपर्यंत तो पोहोचत नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाचा अभ्यास १,२०० तासांचा आणि ४० क्रेडिटचा धरला आहे, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. व्याख्यानाच्या विषयात त्यांपैकी १५ तासच वर्गात होतात. उरलेले १५ कोणत्याही वेळापत्रकावर छापलेले नसतात. एका सत्राची २० क्रेडिट म्हणजे ६०० तास, आणि सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला ४०, म्हणजे रविवार सोडून दिवसाला साडेसहा तासांहून थोडे अधिक. मुलाच्या हातातल्या वेळापत्रकात मात्र लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून चारच तास दिसतात. एक वाजता तो मोकळा होतो आणि दिवसाचे काम संपले असे प्रामाणिकपणे समजतो. शाळेने त्याला दहा वर्षे असेच शिकवले आहे की जे करायचे ते वेळापत्रकात असते आणि जे उरते त्याला गृहपाठ म्हणतात, तोही फळ्यावर लिहून दिलेला.

हे न छापलेले तास घालवायचे कोठे, हा मुंबईतला खरा प्रश्न आहे. दहावीच्या वर्षी सारे घर जपते: टीव्हीचा आवाज बंद, पाहुण्यांना मार्चनंतर या म्हणून सांगितलेले. पदवीच्या मुलासाठी तीन वर्षे टीव्ही कोणी बंद ठेवत नाही, आणि ठेवावा अशी अपेक्षाही बरोबर नाही. म्हणूनच या शहरात मंडळांच्या अभ्यासिका टिकून आहेत, आणि वरळीत ज्या गल्लीत बीडीडी चाळींतल्या मुलांच्या पिढ्या रस्त्याच्या दिव्यांखाली अभ्यासाला बसल्या तिला लोक अभ्यास गल्ली म्हणूनच ओळखतात. आपल्या मुलाला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुपारी दोन तास बसण्याची सवय लागली तर निम्मे काम झाले. भांडुपला परतल्यावर, गर्दीच्या गाडीतून उतरल्यावर, तो पुस्तक उघडील हा भरवसा मी तरी ठेवणार नाही.

आता गुणांविषयी, आणि इथे मला स्वतःकडे बोट दाखवावे लागेल. शाळेत असताना माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागे आणि मला त्याचा अभिमान होता. तो मी कसा लावत होते? उत्तरे लिहून देत होते. महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारायची, दोन फरक विचारले तर तीन लिहायचे, आकृतीला पेन्सिलच वापरायची, अशी सगळी तयारी पूर्वपरीक्षेच्या आधी दोन-दोनदा करून घेत होते. दहावीच्या विज्ञानाला ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि २० गुण अंतर्गत. त्या ८० गुणांत काय येऊ शकते याचा मला चांगला अंदाज होता, आणि मुलांना ८० पैकी ७५ मिळवून देणे म्हणजेच शिकवणे असे मी समजत होते. तुला असे का वाटते, हा प्रश्न मी नऊ वर्षांत किती वेळा विचारला असेन ते आठवायलाही संकोच वाटतो. पुढे माझीच एक विद्यार्थिनी महाविद्यालयात माझ्या वर्गात आली आणि पहिल्या महिन्यात तिने विचारले, "मॅडम, यातलं नेमकं लिहायचं किती?" तिचा प्रश्न योग्यच होता, तिला मीच तसे घडवले होते.

पदवीला पाठ्यपुस्तक एक नसते. अभ्यासक्रमाच्या पत्रकात घटकांची नावे आणि संदर्भग्रंथांची यादी असते, त्यांतला एक ग्रंथ सातशे पानांचा, आणि त्यातले कोणते प्रकरण वाचायचे हे ठरवणे हाच अभ्यासाचा पहिला भाग असतो. उत्तीर्ण होण्यासाठी दहावीला ३५ टक्के लागतात, इथे ४०. वरवर पाच टक्क्यांचाच फरक. पण शाळेत पाचांपैकी चार प्रश्न आधी कोठेतरी पाहिलेले असतात. इथे ती खात्री नसते, आणि पाठांतराच्या बळावर ९० च्या पुढे गेलेला मुलगा ३४ वर येऊन थांबतो तेव्हा त्याला आपण अचानक मठ्ठ झालो असे वाटू लागते. तो मठ्ठ झालेला नसतो. त्याने जे कौशल्य कमावले होते त्याला इथे मागणी नसते, इतकेच.

मराठी माध्यमाचा प्रश्न याच्यात गुंतलेला आहे, आणि त्याबद्दल बोलताना लोक एकतर गळा काढतात किंवा खांदे उडवतात. शाळेच्या पुस्तकात आपल्या मुलाने संयुजा, आम्लारी, क्षपण, सहसंयुज बंध हे शब्द शिकले. अकरावीला एका उन्हाळ्यात ते सगळे व्हॅलन्सी, बेस, रिडक्शन, कोव्हॅलंट बॉन्ड झाले. सहसंयुज म्हटले की दोघांनी मिळून काही जोडले आहे हे कानालाच कळते. कोव्हॅलंट म्हटल्यावर नुसते पाठ करणे उरते. सीईटीला पर्याय ओळखता आला की भागते आणि बारावी तयार उत्तरांवर निघते, त्यामुळे इंग्रजीतून स्वतःचे वाक्य लिहिण्याची वेळ खऱ्या अर्थाने पदवीलाच येते. एका मुलाने माझ्या चाचणीत अर्धे पान कोरे सोडले होते. त्याला बोलावून तोच प्रश्न मराठीत विचारला, तर उभ्या उभ्या दहा मिनिटे त्याने मला सारी अभिक्रिया समजावून सांगितली. त्याला विषय येत होता. त्याला गुण मिळाले नाहीत, आणि मी देऊही शकत नव्हते, कारण कागदावर काही नव्हते. त्यानंतर आम्ही एक साधा उपाय केला: प्रत्येक घटकाचे सार आधी मराठीत लिहायचे, शेजारच्या पानावर तेच आठ-दहा साध्या इंग्रजी वाक्यांत. दुसऱ्या सत्रात तो उत्तीर्ण झाला. कला शाखेत अनेक विषयांची उत्तरे मराठीतून लिहिता येतात, तशी सोय विज्ञानात प्रत्यक्षात वापरली जात नाही, म्हणून हा उपाय कंटाळवाणा असला तरी करावा लागतो.

मैत्री आणि पैसा यांविषयी थोडेच लिहिते. शाळेतले मित्र चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते आणि त्यांच्या आयांना आपण ओळखत होतात. आता त्याचा एक मित्र विरारचा, दुसरा पनवेलचा असेल, आणि त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतील. यात काही वावगे नाही. गणवेश गेला की मात्र घरची परिस्थिती अंगावर दिसू लागते. कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी मिळून बिल द्यायचे असते, वाढदिवसाला वर्गणी असते, आणि मुले खर्च टाळण्यासाठी कारणे सांगून गट सोडतात. मी अशी मुले पाहिली आहेत जी कट्ट्यावर थांबायला नको म्हणून लेक्चरलाच येत नाहीत. आपण विचारल्यास तो हे सांगणार नाही, पण दर सोमवारी ठरावीक रक्कम त्याच्या हातात दिली आणि तिचा हिशेब मागितला नाही, तर त्याला मदत होईल.

दुसऱ्या बाजूने, पदवीच्या वर्षांत जे मिळते ते शाळा देऊच शकत नाही, हेही सांगायला हवे. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोण नाचणार, कोण सूत्रसंचालन करणार हे बाई ठरवतात, आणि दरवर्षी तीच पाच मुले रंगमंचावर असतात. महाविद्यालयात एकांकिकेच्या तालमीला कोणीही जाऊन उभा राहतो, आधी सतरंज्या उचलतो, मग प्रकाशयोजना शिकतो, आणि तिसऱ्या वर्षी आयएनटीच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत त्याचे नाव पुकारले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करणारी, सात दिवसांच्या निवासी शिबिरात पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी मुलगी परत येते तेव्हा तिची चाल बदललेली असते. माझ्या काही सहकाऱ्यांना तालमी म्हणजे हजेरीचा शत्रू वाटतात. मला वाटत नाहीत. ज्याने रात्री नऊपर्यंत थांबून दिग्दर्शकाकडे आपला एक संवाद मागून घेतला आहे, तो दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभा राहून शंकाही विचारू शकतो. केटीच्या भीतीने मुलाचे असे काही बंद करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

आता मुलासाठी काय करावे ते सांगते. केटी म्हणजे वर्ष वाया गेले असे नव्हे. पहिल्या सत्रात राहिलेल्या विषयांसह दुसऱ्या सत्रात बसता येते आणि त्या विषयांची परीक्षा पुन्हा देता येते. आपण स्वतः महाविद्यालयात येऊन प्राध्यापकांना भेटावे का? माझे मत असे की येऊ नये, निदान आधी येऊ नये. तो १८ वर्षांचा आहे, आणि आई स्टाफरूममध्ये आली की तो पुन्हा आठवीत जातो. त्यानेच त्या दोन विषयांच्या शिक्षकांना भेटून कोणत्या घटकात कमी पडलो हे विचारावे; जमल्यास उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करावा, कारण आपले कोरे किंवा भरकटलेले पान डोळ्यांनी पाहण्याइतके शिकवणारे दुसरे काही नाही. त्या अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. फेरपरीक्षेचा अर्ज, परीक्षा शुल्क, आणि लागू असेल तर महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचे दरवर्षीचे नूतनीकरण या तिन्ही गोष्टी शाळेतल्या लिपिकाप्रमाणे इथे कोणी आठवण करून करवून घेत नाही. शिष्यवृत्तीची मुदत चुकल्यामुळे संपूर्ण शुल्क घरून भरावे लागलेली मुले मला दरवर्षी भेटतात, आणि ती अभ्यासात मागे नसतात.

तो गप्प असतो असेही आपण लिहिले आहे. निकालानंतरचे काही दिवस गप्प राहणे स्वाभाविक आहे. पण जेवण-झोप बिघडली, मित्रांचे फोनही तो घेईनासा झाला, तर वाट पाहू नये. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

धाकटीचे काम सोपे आहे, कारण तिच्या हातात अजून वेळ आहे. तिची वही रोज तपासणे आता थांबवावे आणि आठवड्यातून एकदा, तेही तिने दाखवली तर, पाहावी. एखाद्या धड्यावरचे उत्तर गाइड न उघडता तिला तिच्या शब्दांत लिहू द्यावे, मग ते गुणांच्या दृष्टीने कच्चे असले तरी चालेल. विज्ञानाच्या पुस्तकातल्या मराठी संज्ञांशेजारी इंग्रजी शब्द लिहिण्याची सवय आत्ताच लावावी. शाळेतले एखादे काम, दाखल्यावरची नावाची चूक दुरुस्त करून घेणे असो किंवा ग्रंथालयाचे कार्ड काढणे, तिला एकटीला कार्यालयात पाठवून करू द्यावे. पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने परत येईल, दुसऱ्यांदा कोणाला विचारायचे ते तिला कळलेले असेल. दीड वर्षाने अकरावीचा ऑनलाइन अर्ज येईल. त्यात आधी वैयक्तिक माहिती आणि नंतर दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात, आणि बहुतेक घरांत हे काम काका, क्लासचे सर किंवा सायबर कॅफेवाला करतो. तो अर्ज तिलाच भरू द्यावा, आणि आपण शेजारी बसून फक्त चहा घ्यावा.